कुठल्या दिवसाचं इंजिन?

भाच्यानं लीड्सहून येताना एक इंजिन आणलं. कुणाच्या तरी माळ्यावरून निघालेलं, जुनं, खोक्याची एक बाजू फाटलेली. टेंडरसकट, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यासकट, फूटभराला थोडं कमी. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’, नंबर ४४७२, कच्च्या सफरचंदासारखा हिरवा रंग. मी ते डोळ्यांजवळ नेलं, जरा फिरवून पाहिलं आणि आभार मानायच्या आधीच तोंडातून निघून गेलं, “हे चुकलंय.”

“मामा, नाव तेच, नंबर तोच, रंगही तोच. चुकलं कुठं?”

“धुरांड्याशेजारी बघ.”

धुरांड्याच्या दोन्ही अंगांना, बॉयलरच्या पुढच्या टोकाशी, चौकोनी टेंगळं होती. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. वाफ सिलिंडरमध्ये सोडण्याआधी पुन्हा तापवली, तर तिच्यातून जास्त काम निघतं. त्यासाठी बॉयलरमध्ये नळ्यांचा जुडगा असतो आणि तो जुडगा समोरच्या एका ओतीव पेटीला जोडलेला असतो. हे इंजिन १९२३ साली इंग्लंडातल्या डॉनकास्टरच्या कारखान्यातून बाहेर पडलं, तेव्हा ती पेटी बॉयलरच्या गोलाईत मावत होती. नंतरच्या सुधारलेल्या बॉयलरमध्ये नळ्या वाढल्या, पेटी रुंद झाली आणि तिचे कोपरे पत्र्याबाहेर आले. ते झाकायला ही टेंगळं. तसा बॉयलर फ्लाइंग स्कॉट्समनला मिळाला जानेवारी १९४७ मध्ये. ४४७२ हा नंबर मात्र १९४६ सालीच पुसला गेला होता. म्हणजे खेळण्यावर नंबर एका काळाचा होता आणि बॉयलर दुसऱ्या काळाचा.

मी मोठ्या तोऱ्यात हे सगळं सांगितलं. भाचा गेल्यावर रात्री पुस्तकं काढून बसलो, तेव्हा तोरा उतरला. नंबर ४४७२, तो हिरवा रंग, एकेरी धुरांडं आणि टेंगळं, हे चारही एकत्र असलेलं इंजिन खरंच धावलेलं आहे. १९६३ साली ब्रिटिश रेल्वेनं हे इंजिन सेवेतून काढलं. अ‍ॅलन पेगलर नावाच्या हौशी गृहस्थानं ते ३ हजार पौंडांना विकत घेतलं आणि आपल्या लहानपणीच्या आठवणीतलं रूप त्याला परत दिलं. जुना नंबर, जुना रंग, जुन्या तऱ्हेचं टेंडर. बॉयलर तेवढा होता तोच राहिला. मॉडेल बनवणाऱ्यानं पेगलरचं इंजिन बनवलं होतं आणि ते अचूक बनवलं होतं. चूक त्याची नव्हती. मी त्याच्याकडे तारीख न सांगता वस्तू मागत होतो.

मॉडेल रेल्वेच्या या छंदात शिरलेल्या माणसाला हे कळायला वेळ लागतो. मलाही लागला. आपल्याला वाटतं, खरं इंजिन नावाची एक ठाम वस्तू कुठंतरी उभी आहे. तिची मापं घ्यायची, शहात्तरनं भागायचं, की काम झालं. पण वाफेचं इंजिन तसं एका रूपात थांबत नाही. कारखान्यात दुरुस्तीला आलं की बॉयलरला सगळ्यात जास्त वेळ लागे. मग तो उतरवून बाजूला ठेवायचा, दुसऱ्या इंजिनाचा दुरुस्त होऊन पडलेला बॉयलर चढवायचा आणि गाडी सोडून द्यायची. टेंडरांचंही तसंच. हे इंजिन ज्या रेल्वेचं होतं, तिनं सुरुवातीला इंजिनाचा नंबर टेंडरवर रंगवला होता. टेंडरं अदलाबदलीनं इकडची तिकडे जाऊ लागली, तेव्हा नंबर कॅबवर आणावा लागला. शेवटी ‘हे इंजिन’ म्हणजे नेमकं काय, याचं कारखान्यापुरतं उत्तर कॅबवरचे चार आकडे एवढंच होतं. आणि इथं तर ते आकडेही बदलले. आधी १४७२, मग ४४७२, मग ५०२, मग १०३ आणि रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर ६०१०३.

आजोबा गेले तेव्हा भिंतीवर कुठला फोटो लावायचा यावरून आमच्या घरी वाद झाला होता. काकांना कोट-टोपीतला हवा होता, आत्याला शेवटच्या वर्षातला, खुर्चीत बसलेला. दोघंही म्हणत होते, “हेच खरे दादा.” आजीनं दोघांना गप्प केलं. “कुठल्या वर्षाचे दादा लावताय ते आधी ठरवा,” म्हणाली. फोटो कुठला लागला ते इथं महत्त्वाचं नाही, पण तिचं वाक्य मला या इंजिनापाशी आठवलं.

मग मी दिवस ठरवला. १ मे १९२८. आपल्याकडे या तारखेला महाराष्ट्र दिन यायला अजून बत्तीस वर्षं होती. त्या दिवशी सकाळी १० वाजता ४४७२ लंडनच्या किंग्ज क्रॉसहून निघालं आणि वाटेत कुठंही न थांबता एडिंबरोला पोचलं. ६३२ किलोमीटर. मुंबईहून सुटावं आणि अकोल्याच्याही पुढे जाऊन पहिल्यांदा ब्रेक लागावा, इतकं. कोळसा ९ टन बरोबर घेतलेला. पाणी वाटेत, रुळांच्या मधल्या लांब हौदांतून, धावता धावता उचलायचं.

दिवस ठरला आणि काम एकदम सोपं झालं. सोपं म्हणजे कष्टाचं नव्हे असं नाही, पण प्रत्येक प्रश्नाला आता उत्तर होतं. टेंगळं? नकोत. बॉयलरवरचा घुमट? मॉडेलवर होता तो मागे ओढल्यासारखा लांबट, नंतरच्या बॉयलरांचा. १९२८ साली तो गोल होता. ड्रायव्हर? मॉडेलमध्ये तो कॅबच्या डाव्या बाजूला चिकटवलेला होता, कारण १९५०च्या दशकात या इंजिनाचं चालन डाव्या हाताला आणलं गेलं. माझ्या दिवशी तो उजवीकडे बसत होता.

टेंगळं काढायला पाऊण तास लागेल असं वाटलं होतं, तीन संध्याकाळी लागल्या. प्लॅस्टिकची भिंत जेमतेम मिलिमीटरभर जाड. ब्लेडनं वरचा थर पापुद्र्यासारखा उतरवत जायचं, मग बारीक कानस, मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर, पाण्यात बुडवून ८००, शेवटी १२००. सपाट घासलं की गोलाईवर चपटा डाग पडतो आणि रंग दिल्यावर तो उजेडात चमकून ओरडतो. म्हणून पेपरची अरुंद पट्टी दोन्ही हातांनी धरायची आणि न्हावी चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा लावतो, त्याच्या उलट करायचं: वस्तरा स्थिर, पट्टा हलता. एका बाजूला मी जरा जास्तच गेलो, भोक पडलं. लांबी भरली, वाळू दिली, पुन्हा घासली.

आणि मग त्या फोटोनं घात केला.

संदर्भासाठी मी जमवलेल्या फोटोंत एक फार देखणा होता. किंग्ज क्रॉस, गर्दी, वाफ, कॅबवर ४४७२. खाली नुसतं ‘१ मे’. बरेच दिवस मी त्याच्यावरून दिव्यांच्या कड्या, कठड्यांच्या तारा मोजत होतो. एकदा भिंगातून पाहताना धुरांड्याशेजारी, वाफेच्या आडून, टेंगूळ दिसलं. पोटात गोळा आला. म्हणजे १९२८ सालीही ती होती? मी घासून काढली ती चूक? प्लॅस्टिकचे दोन तुकडे कापून परत चिकटवायलाही बसलो होतो. चिकटवण्याआधी फोटोची कड पाहिली म्हणून बरं. शेजारच्या फलाटावर डिझेल इंजिनाचं नाक होतं. आणि ४४७२च्या मागे एक नव्हे, दोन टेंडरं होती.

तो १ मे १९६८ होता. पेगलरनं चाळीस वर्षांनी त्याच तारखेला, त्याच मार्गावर, त्याच नंबरानं विनाथांबा फेरी पुन्हा घडवली होती. पाणी उचलायचे हौद तोवर बरेचसे गेले होते, म्हणून पाण्यासाठी दुसरं टेंडर जोडलेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिटिश रेल्वेवरची नेहमीची वाफेची वाहतूक संपली.

फोटो बाजूला ठेवला, पण त्याचा विचार जाईना. मी शहात्तर पटीनं लहान करून जे करत होतो, तेच पेगलर पूर्ण आकारात करत होता. खऱ्या इंजिनालाच त्याच्या जुन्या रूपासारखं करणं. त्यानं दुहेरी धुरांडं काढून एकेरी बसवलं. ते दुहेरी १९५९ साली आलं होतं. त्यातून धूर हलकेच निघे, वर जाण्याऐवजी बॉयलरवर लोळे, ड्रायव्हरला पुढचं दिसेना. म्हणून १९६१च्या शेवटी दोन्ही बाजूंना जर्मन पद्धतीचे पत्रे आले. पेगलरनं तेही उतरवले. बॉयलर बदलणं मात्र त्याच्याही हातात नव्हतं, आणि त्या बॉयलरनं चाळीस वर्षांचा फरक दोन टेंगळांतून उघड केला. पुढे काही वर्षं तर हे इंजिन जुना नंबर, जुना रंग आणि ते जर्मन पत्रे, सगळं अंगावर घेऊन धावलं. असा दिवस त्याच्या कामाच्या आयुष्यात कधीच उगवला नव्हता. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयानं लांबलचक दुरुस्तीनंतर २०१६ साली ते बाहेर आणलं, तेव्हा ६०१०३ नंबर, ब्रिटिश रेल्वेचा गडद हिरवा, दुहेरी धुरांडं, पत्रे असं. लोकांचं लाडकं रूप बाजूला ठेवून १९६०च्या आसपासचं. पुष्कळांना ते आवडलं नाही. मला पटलं. सगळ्या आठवणी एकाच अंगावर चढवण्यापेक्षा एक काळ धरणं बरं.

इथं कुणी हुशार वाचक मला पकडेल, आणि पकडावंच. इतका काटेकोरपणा, मग रुळांचं काय? इंग्रजी मॉडेलं चार मिलिमीटरला एक फूट या मापानं बनतात, पण ती ज्या रुळांवर धावतात त्यांचं माप त्याहून लहान प्रमाणाचं. इंग्लंडातली इंजिनं अंगानं बारीक, त्यांच्यात त्या काळच्या मोटारी मावेनात. म्हणून वरचं अंग वाढवलं आणि रूळ आहेत तेच ठेवले. खऱ्या रुळांतलं अंतर चार फूट साडेआठ इंच, म्हणजे माझ्या मापात १८.८३ मिलिमीटर हवं. आहे १६.५. समोरून पाहिलं की इंजिन पाय जुळवून उभं राहिल्यासारखं दिसतं. शिवाय घरातल्या ४३८ मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर ते निमूट वळतं; खऱ्या इंजिनाच्या हिशेबात ते ३३ मीटर होतात, तिथं खरं इंजिन रूळ सोडून खाली उतरलं असतं. रंगाचंही तेच. डब्यातला खरा हिरवा जसाच्या तसा लावला, तर एवढ्याशा अंगावर काळपट दिसतो. थेंबभर पांढरा मिसळावा लागतो.

अठरा मिलिमीटरची चाकं बसवणारे लोक आहेत. त्यांना मनापासून नमस्कार. मी केलं नाही. रुळांतली खोट ही सगळ्या मॉडेलांची सारखीच, ती कुठल्याच दिवसाची नाही. टेंगूळ मात्र १९६८ सालाचं असतं आणि १९२८ सालात ते खुपतं.

राहिलं टेंडर. विनाथांबा आठ तास म्हणजे एका ड्रायव्हर-फायरमनच्या जोडीला झेपणारं काम नव्हे. दुसरी जोडी मागच्या डब्यात बसवायची आणि अर्ध्या वाटेवर बदलायची. पण धावत्या गाडीत इंजिनावर जायचं कसं? तर टेंडरमधूनच. या इंजिनांचे रचनाकार नायजेल ग्रेस्ली यांनी कोळसा-पाण्याच्या कडेनं, टेंडरच्या उजव्या अंगातून एक बोळ काढला. रुंदी १८ इंच, उंची ५ फूट. एवढ्यातून माणूस जाईल का, हे पाहायला त्यांनी म्हणे घरात जेवणाच्या खुर्च्यांची रांग भिंतीपासून १८ इंचांवर लावली आणि स्वतः त्या फटीतून सरकून गेले. आपल्याकडे चाळीत वाढलेल्या माणसाला याची तालीम करावी लागली नसती.

माझ्या मापात तो बोळ ६ मिलिमीटर रुंद आणि २० मिलिमीटर उंच. मॉडेलमध्ये मागं नुसतं दाराचं चित्र होतं, आत सगळं भरीव. महिनाभर गेला. आतलं वजन काढलं, ड्रिलनं भोकांची रांग पाडली, कानशीनं जोडली, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी भिंती केल्या.

भाचा पुन्हा आला तेव्हा त्यानं इंजिन उचललं, टेंगळांच्या जागी बोट फिरवलं, गोल घुमट पाहिला. मग मी डबा जोडला.

“मामा, बोळ तर डब्याच्या आड गेला. दिसणार कुणाला?”

डबा सोडवून मी मोबाईलचा टॉर्च टेंडरच्या मागं धरला. उजेडाची काडीभर रेघ आतून सरकत गेली आणि कॅबमध्ये, उजव्या बाजूला बसलेल्या ड्रायव्हरच्या पाठीवर पडली.