दुसऱ्या कन्येचे नाव

हिंगोली जिल्ह्यातील साखऱ्यासारख्या गावी एखाद्या घरी दुसरी कन्या जन्मास आली म्हणजे आत्या, मावश्या व शेजारणी नावाचा विचार करू लागतात. आणि पहिला प्रश्न निघतो तो हा की, थोरलीच्या नावाशी जुळेल असे नाव कोणते? थोरली सीता असेल तर धाकटी गीता. थोरली सुनीता असेल तर धाकटी अनीता. हा प्रश्न वरवर पाहता लहान आहे. तथापि नाव ही मनुष्यास मिळणारी पहिली देणगी होय, आणि ती मिळते त्या वेळी घेणाऱ्यास काहीच बोलता येत नाही. म्हणून देणाऱ्यांनी ती कोणत्या भावनेने द्यावी, ह्याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

नावे जुळविण्याची आवड वाईट आहे, असे आमचे म्हणणे नाही. त्याच जिल्ह्यातील कयाधूकाठच्या नरसी गावी संत नामदेवांचा जन्म झाला, असे परंपरा सांगते. त्यांच्या चार पुत्रांची नावे नारा, म्हादा, गोंदा व विठा. ती एका दमात उच्चारली म्हणजे एकाच अंगणातील लेकरांना हाक मारल्यासारखे वाटते. ज्ञानदेवांच्या घरी जुळणी निराळ्या प्रकारची होती. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ता ह्या नावांत यमक नाही. ती अर्थाने एकमेकांस धरून आहेत. निवृत्तीपासून निघावे, ज्ञान मिळवावे, पायरी चढावी व मुक्तीस पोहोचावे, असा त्यांचा क्रम लागतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सर्वांत धाकटी जी कन्या, तिच्या वाट्यास उरलेसुरले नाव आले नाही. जेथे ती चौघांची वाट संपते, त्या मुक्कामाचे नाव तिला मिळाले.

तेव्हा दोष जुळविण्यात नाही. दोष शिरतो तो असा की, जुळविता जुळविता धाकटीचाच विसर पडतो. थोरलीच्या वेळी आईबापांनी अर्थ पाहिला, वडीलधाऱ्यांस विचारिले, चार नावे घेतली व टाकली. धाकटीच्या वेळी केवळ यमक पाहिले. मग थोरलीस नाव मिळते व धाकटीस त्या नावाचा प्रतिध्वनी मिळतो. त्यातून घरात पुत्राची वाट पाहिली जात असेल, तर ‘हीही मुलगीच’ असा सुस्कारा टाकून जे नाव प्रथम तोंडी येते, तेच ठेविले जाते.

हा सुस्कारा कोठवर जातो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. सातारा जिल्ह्यात कित्येक मुलींची नावे ‘नकुसा’ किंवा ‘नकोशी’ अशी ठेविली होती. असे नाव ठेविले म्हणजे पुढचे अपत्य पुत्र होईल, ही समजूत त्यामागे होती. २०११ सालच्या ऑक्टोबर महिन्यात तेथे समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. त्यांच्यापैकी कोणी ऐश्वर्या झाली, कोणी वैशाली. कोणी म्हणेल, पूर्वी मुलग्यांसही दगडू, धोंडू, केरू अशी नावे ठेवीत नसत काय? ठेवीत असत. पण ज्या घरी मुले जगत नसत, तेथे हे तरी जगावे, ह्याला दृष्ट लागू नये, म्हणून ती नावे ठेवीत. समजूत दोन्हीकडे खोटीच. परंतु दगडू म्हणणाऱ्या आईस ते मूल हवे असे आणि नकोशी म्हणणाऱ्या घरास ती मुलगी नको असे. शब्द दोन्ही ओबडधोबड. त्यांच्यामागील अंतःकरण मात्र एक नव्हे.

ईयोबाच्या पुस्तकाच्या अखेरीस त्याच्या तीन कन्यांची नावे दिली आहेत. यमीमा, कसीया व केरेन-हप्पूक. त्या वेळी झालेल्या सात पुत्रांची नावे तेथे नाहीत. तिघींची नावे एकमेकींशी जुळत नाहीत. पण बापाने त्यांना त्यांच्या भावांबरोबर वतन दिले, असे तेथे सांगितले आहे. बहिणींचे खरे जुळणे ते हेच, असे आम्ही समजतो. वाटा सारखा, शाळा सारखी, ताटातील भाकर सारखी. मग नावांत यमक असो वा नसो.

शिवाय दोघी एका घरच्या आहेत हे सांगण्यास यमकाची गरजही राहिलेली नाही. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे प्रथम आईचे नाव, मग वडिलांचे व शेवटी आडनाव लिहावे, असे महाराष्ट्र शासनाने ठरविले आहे. म्हणजे दोघी बहिणींच्या नावामागून एकाच आईचे नाव येणार. दोघींचे जे निराळे, ते एवढे पहिले नावच. त्यातही एका अक्षराचाच भेद ठेविला, तर शाळेच्या पटावर व शिधापत्रिकेवर एकीच्या जागी दुसरी लिहिली जाण्यास वेळ लागत नाही.

म्हणून आईबापांस आमची सूचना अशी. घाई करू नये. जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत करावी. पण नाव तेव्हा ठरले नसेल, तर नोंदीनंतर एक वर्षापर्यंत ते शुल्कावाचून घालता येते. सुचलेले नाव आधी एकटेच उच्चारून पाहावे. थोरली सासरी गेली, धाकटी परगावी नोकरीस लागली, आणि तेथे तिच्या बहिणीचे नाव कोणासच ठाऊक नाही. अशा ठिकाणी ते नाव स्वतःच्या पायांवर उभे राहते काय? त्याचा अर्थ ती आपल्या मुलांस आनंदाने सांगू शकेल काय? ह्या प्रश्नांचे उत्तर ‘होय’ असे आले, तर मग थोरलीच्या नावाशी ते जुळते की नाही हे खुशाल पाहावे. जुळले तर उत्तमच.

कयाधू व पैनगंगा ह्या नावांत कसलेही यमक नाही. तरी कयाधू वाहत जाऊन पैनगंगेसच मिळते.