दोन गुडघे

हेलसिंकीत 1952 साली कुस्तीचं कांस्यपदक मिळवलं तेव्हा गोळेश्वरचे खाशाबा जाधव 26 वर्षांचे होते. पुढचं ऑलिंपिक मेलबर्नला, 1956 मध्ये. तिशी हे काही पैलवानानं लंगोट उतरवायचं वय नव्हे, आणि तोवर गादीवरचे डाव, परदेशी मल्ल सगळं परिचयाचं झालेलं. पण आधीच गुडघा दगा देऊन गेला आणि मेलबर्न राहिलं ते राहिलंच.

त्याच मेलबर्नमध्ये 1954 च्या जूनमध्ये आणखी एक गुडघा निखळला होता. तो जॉन कोलमनचा. त्याचा खेळ ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल: लंबगोल मैदान, लंबगोलच चेंडू, एका बाजूला 18 जण, आणि झेल घ्यायला समोरच्याच्या खांद्यावर चढलं तरी चालतं. या कोलमननं 1949 च्या पहिल्याच सामन्यात 12 गोल मारले होते. पंचविशीत खेळ संपला तेव्हा खात्यावर 98 सामने आणि 537 गोल होते.

दोघांना एका ओळीत बसवून नशिबाला बोल लावणं सोपं आहे. मला ते पुरेसं वाटत नाही. गुडघा मोडणं हे नशीब. मोडल्यावर काय होतं ते मात्र माणसांनी आधी काय उभारून ठेवलंय यावर ठरतं. कोलमनमागे एसेंडन हा त्याचा क्लब होता. 1961 पासून त्यानं कोलमनला प्रशिक्षक केलं आणि 1962 व 1965 ला विजेतेपदं घेतली. कोलमन 1973 मध्ये अवघ्या 44 व्या वर्षी गेला. 1981 पासून लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्याला त्याच्या नावाचं पदक देतात.

खाशाबांमागे कोण होतं? माणसं होती, आणि जिवाला जीव देणारी होती. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून हेलसिंकीच्या प्रवासासाठी 7,000 रुपये उभे केले. कराडकडच्या लोकांनी वर्गणी काढली. परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक झाल्यावर खाशाबांनी काय केलं, तर कुस्त्या भरवल्या, स्वतः लढले आणि खर्डेकरांचे पैसे फेडले! ऑलिंपिकचं पदक गळ्यात असलेला मल्ल आपल्याच प्रवासाचं देणं भागवायला पुन्हा अंग पणाला लावतो, याचं आपण कौतुक करतो. खरं तर लाज वाटायला हवी.

हेलसिंकीतली गोष्ट तर याहून बोचरी. जपानच्या इशीशी दमवणारी कुस्ती झाली आणि लगेच सोव्हिएत मल्ल मामेदबेकोव्हपुढे उभं राहायला सांगितलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमानं मिळायला हवी होती. पण ती मागायला खाशाबांच्या बाजूनं एकही भारतीय अधिकारी तिथं हजर नव्हता. ते हरले. इशीनं सुवर्ण नेलं. पुढं 1955 मध्ये खाशाबांना पोलीस खात्यात फौजदारकी मिळाली. 1984 मध्ये रस्ता अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार आला तो मरणोत्तर.

उलट उदाहरणही महाराष्ट्रातलंच आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, कंबरेखालचं शरीर लुळं पडलं. रिंग संपली. पण मागे लष्करी रुग्णालय होतं, उपचारातच पोहणं सुरू झालं, आणि 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण त्यांनी जिंकलं. जिद्द त्यांची, यात वादच नाही. पण जिद्दीला महिनोन्महिने खाट, औषध आणि तलाव लागतो, आणि तो कुणीतरी द्यावा लागतो.

आमच्या वर्धा जिल्ह्यात कुस्ती नवी नाही. विदर्भ केसरी राहिलेले आणि पुढं वर्ध्याचे खासदार झालेले रामदास तडस देवळीचेच. पण आज पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या पोट्ट्यांना विचारा, बहुतेकांच्या डोळ्यापुढं पोलीस भरती असते. मुलांना 1,600 मीटर, मुलींना 800. खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे, म्हणून मैदानावरच्या पदकालाही भाकरीचा वास येतो. अशा वेळी गुडघ्यातला लिगामेंट तुटला तर खेळ आणि नोकरी दोन्ही एकदम जातात.

शस्त्रक्रिया अवघड राहिलेली नाही. सेवाग्राम आणि सावंगीला मोठी रुग्णालयं आहेत. अडतं पुढं. शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने लागतात, आणि ते सगळे व्यायामाचे असतात. मांडीचा स्नायू पहिल्या काही आठवड्यांतच वाळतो; तो परत भरला नाही तर नवा लिगामेंटही टिकत नाही. त्यासाठी आर्वी किंवा कारंज्याकडच्या पोरानं एसटीनं वारंवार वर्ध्याला यायचं, तेही ऐन कापूस वेचणीत? दोन-तीन फेऱ्या होतात, मग घरचे म्हणतात, चालता येतंय ना, पुरे. पोरगं वावरात जातं. तालुक्याच्या क्रीडा संकुलात आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्ट बसवायला किती खर्च येईल? स्पर्धेच्या मांडवाला, फेट्यांना आणि पाहुण्यांच्या गाड्यांना लागतो त्याहून तो जास्त नसावा.