यादीत नसलेला जिल्हा

आमच्या शाळेच्या कचेरीतला संगणक जुना आहे. 2023 सालच्या दिवाळीच्या सुटीत पुण्यात नोकरी करणारा एक माजी विद्यार्थी रेणापूरला आला होता. त्याने त्या संगणकावर लिनक्स घातले आणि मला शेल स्क्रिप्ट लिहायला शिकवले. शेल म्हणजे काय, हे मी माझ्यासारख्या मॅट्रिक माणसाच्या भाषेत सांगतो. संगणकाच्या दाराशी बसलेला तो एक नोकर आहे. आपण ओळ लिहावी, त्याने ती हुकूम म्हणून पाळावी. पुष्कळ हुकूम एका कागदावर ओळीने मांडून ठेवले की त्या कागदाला स्क्रिप्ट म्हणतात.

हा नोकर फार आज्ञाधारक, आणि धोका तिथेच. स्क्रिप्टने नाव विचारावे, आणि एखाद्याने नावापुढे अर्धविराम देऊन फायली पुसण्याचा हुकूम लिहावा; स्क्रिप्ट निष्काळजीपणे लिहिलेली असली तर नोकर तोही पाळून मोकळा होतो. म्हणून माझ्या विद्यार्थ्याने पहिला धडा दिला तो हा : "गुरुजी, बाहेरून आलेला शब्द तपासल्याशिवाय आत घेऊ नका. वाईट शब्दांची यादी करत बसू नका, ती कधी संपत नाही. चालतील त्या शब्दांची यादी करा, आणि तेवढेच घ्या."

धडा मला पटला. आजही पटतो. पण त्याच धड्याच्या पायी माझ्या हातून एक खोटे काम झाले, आणि ते सांगण्यासाठी हा लेख लिहायला बसलो आहे.

त्या सुटीत मी शाळेचे जुने प्रवेश-निर्गम रजिस्टर संगणकात उतरवायला घेतले. जन्मस्थळाच्या रकान्यासाठी महाराष्ट्राच्या 36 जिल्ह्यांची यादी केली. शेलमध्ये यासाठी 'केस' नावाची एक सोय आहे. बेल लॅब्जमधल्या स्टीफन बोर्न यांनी लिहिलेला शेल 1979 साली बाहेर पडला, तेव्हापासून ती चालत आली आहे. 'केस' म्हणून दार उघडायचे, एकेक मान्य शब्द लिहायचा, आणि शेवटी तीच अक्षरे उलटी लिहून, 'एसॅक' म्हणून, दार मिटायचे. मिटण्यापूर्वी एक तारका द्यायची असते. तारका म्हणजे 'बाकी सर्व' : जे कोणत्याच ओळीत बसले नाहीत, त्यांचे काय करायचे ते तिच्यापुढे लिहायचे. मी लिहिले : "चुकीचा जिल्हा. पुन्हा लिहा." छत्तीस नावांसाठी मी संध्याकाळभर बसलो होतो, या ओळीला अर्धे मिनिटही दिले नाही.

रजिस्टर उतरवताना पानोपानी 'जि. उस्मानाबाद' येऊ लागले. संगणक म्हणे, चुकीचा जिल्हा. खरेच होते, 2023 सालीच त्याचे धाराशिव झाले होते, आणि माझ्या यादीत नवे नाव होते. औसा तालुक्यातल्या मुलांपुढे तर मी 'लातूर' लिहू लागलो. औसा आज लातूर जिल्ह्यातच आहे ना! संगणक गप्प बसला, आणि काम भराभर चालले.

2024 च्या जूनमध्ये एक आबा आले. जन्म 1954 चा, औसा तालुक्यातला. शिकायला मामाकडे रेणापूरला राहिले होते. नातीच्या जात पडताळणीसाठी त्यांना शाळेचा उतारा हवा होता. मी ऐटीत संगणकावरून काढून दिला. आठ दिवसांनी ते उतारा घेऊन परत आले. कचेरीतल्या माणसाने तो ठेवून घेतला नव्हता. त्याने विचारले होते की, लातूर जिल्हा 1982 साली झाला. मग 1962 च्या नोंदीत लातूर आले कोठून? हा कागद मागाहून तयार केलेला दिसतो.

त्या माणसाचा संशय अगदी योग्य होता.

मी मूळ रजिस्टर काढले. निळ्या शाईत स्वच्छ लिहिलेले होते : ता. औसा, जि. उस्मानाबाद. आबांच्या देखत मी तोच शब्द संगणकात घातला, आणि पडद्यावर नेहमीची ओळ उमटली. आबांनी ती वाचली.

"गुरुजी, मी काय चुकीच्या जिल्ह्यात जन्मलो का वो?"

आबांचे गाव कधी जागचे हललेले नाही. ते जन्मले तेव्हा ते हैदराबाद राज्यात होते. 1956 साली मुंबई राज्यात आले, 1960 साली महाराष्ट्रात आणि 1982 साली लातूर जिल्ह्यात. राज्ये बदलली, जिल्हे बदलले, आणि चुकीचे ठरले ते आबा. हाताने लिहिलेला नवा उतारा घेऊन मी स्वतः त्यांच्याबरोबर गेलो आणि काम झाले. पण तोवर नातीच्या प्रवेशाची ती फेरी निघून गेली होती. पुढच्या फेरीत दुसऱ्या गावचे कॉलेज मिळाले. आबांनी मला बोल लावला नाही.

तेव्हापासून मी विचार करतो आहे, की चूक नेमकी कशात होती? यादीतली छत्तीसही नावे खरी होती. खोटे लिहिले ते मी, आणि लिहिले ते यादीचे समाधान व्हावे म्हणून. खोट्याला अडवायला बसवलेला पहारेकरी खऱ्यालाही वाट देत नसेल, तर खरा माणूस एक तर परत जातो, नाही तर खोटे बोलून आत येतो. माझ्या स्क्रिप्टने आबांच्या खऱ्या नोंदीला बनावट कागदाचे रूप दिले.

कोणी म्हणेल, मग पहाराच नको. तसे मला म्हणवत नाही. पहारेकऱ्याने दया आली म्हणून यादी फिरवायची ठरवली, तर यादीला अर्थ राहत नाही. आपल्याकडचेच एक प्रकरण आहे. अनुसूचित जमातींची यादी 1950 सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरली. तिच्यातल्या 'हलबा' या नोंदीत हलबा कोष्टीही येतात, असा दावा करून एका विद्यार्थ्याने वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळवला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली निकाल दिला, की यादी लिहिली आहे तशीच वाचायची. पुरावा घेऊन कोणाला तिच्यात बसवता येणार नाही. तो अधिकार संसदेचा. पण दरम्यान बरीच वर्षे लोटली होती, आणि तो मुलगा डॉक्टर झाला होता. न्यायालयाने त्याच्या पदवीला आणि डॉक्टरकीला हात लावला नाही. यादी जागची हलली नाही, आणि यादीबाहेर उभ्या असलेल्या माणसाचाही विचार झाला. तारकेपुढची ओळ लिहिताना न्यायमूर्तींना माझ्यापेक्षा जास्त वेळ लागला असणार.

मला आता असे वाटते की याद्या दोन जातींच्या असतात. आमच्या शाळेत पाचवी ते दहावी हे वर्ग आहेत. ते आम्हीच केले; तिथे कोणी 'अकरावी' लिहिले तर खुशाल नाही म्हणावे. पण माणसाचे नाव, त्याचे गाव, त्याचा जन्म या गोष्टी आम्ही केलेल्या नाहीत. त्यांची यादी नेहमी जगाच्या एक पाऊल मागे असते. माझी यादी एक वर्षही टिकली नाही. 2024 साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. ऊसतोडीच्या हंगामात मधूनच एखादे पोर वर्गात येऊन बसते. हजेरीपटावर त्याचे नाव नसते, म्हणून काही बाक रिकामा होत नाही.

स्क्रिप्ट मी बदलली. वर्गाची यादी होती तशीच कडक ठेवली. जिल्ह्याच्या यादीत तारकेपुढे आता असे आहे : "हे नाव माझ्या यादीत नाही. तपासून घेऊ." आलेला शब्द हुकूम म्हणून पाळला जात नाही आणि फेकलाही जात नाही, अवतरणचिन्हांत धरून, आहे तसा वेगळ्या फायलीत ठेवला जातो. पूर्वी 'लातूर' करून टाकलेल्या नोंदीही मूळ रजिस्टरवरून एकेक करून दुरुस्त करतो आहे.

शनिवारी सकाळची शाळा सुटली, की मी ती फाइल उघडतो आणि जुने रजिस्टर शेजारी घेऊन बसतो. काम अजून पुरे झालेले नाही.