प्रयोगवहीतील साक्ष

विज्ञानशिक्षण हा बुद्धीचा विषय, नीतीचा नव्हे, असा आपला समज आहे. आम्हांस तो मान्य नाही.

पाठ्यपुस्तक सांगते की, पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. पण ते समुद्रसपाटीवर. साधारणपणे ३०० मीटर वर चढावे, तसा उत्कलनांक सुमारे एका अंशाने उतरतो. तेव्हा बुलढाणा जिल्ह्यातील उंद्रीच्या शाळेत तापमापीचा पारा शंभराच्या अलीकडेच थांबला, तर तापमापी चुकत नसते. ती गावाची उंची सांगत असते. आणि तरीही विद्यार्थी प्रयोगवहीत १०० च लिहीत असेल, कारण गुण त्यालाच मिळतात, तर तो काय शिकला?

खोटी साक्ष निषिद्ध ठरविणारी आठवी आज्ञा आपण मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवितो. दिसले एक आणि लिहिले दुसरे, ही खोटी साक्ष नव्हे काय?

पहिलीतील मूल निरखते, सातवीतील मोजते, दहावीतील कारण शोधते. तिन्ही पायऱ्यांवर शिक्षकाने आधी एवढेच विचारावे : ‘तुला काय दिसले?’

१६३३ साली गॅलिलिओला दोषी ठरविणाऱ्यांची चूक पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली मान्य केली. श्रद्धेला सत्याचे भय नाही. मग गुणपत्रिकेला ते का असावे?