सातबाऱ्यावरून शेअरवर

पुण्याच्या हडपसरमधली मगरपट्ट्याची सुमारे 400 एकर शेतजमीन 1982च्या विकास आराखड्याच्या मसुद्यात भावी नागरीकरणाच्या पट्ट्यात गेली, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांपुढे दोनच वाटा दिसत होत्या. कमाल नागरी जमीन धारणा कायद्याखाली सरकार जमीन घेईल या धास्तीत बसून राहायचं, नाहीतर एजंट दारात येतील तसे तुकडे विकत सुटायचं. पुण्याभोवतीच्या बहुतेक गावांत यातली दुसरी वाट धरली गेली. विसार आला, बंगला उठला, लग्नं थाटात झाली, गाडी आली. आणि नातू आजोबांच्या शेतावर उभ्या राहिलेल्या सोसायटीच्या गेटवर रखवालदार म्हणून लागला.

मगरपट्ट्यातल्या सुमारे 120 कुटुंबांनी सतीश मगर यांच्या पुढाकाराने वेगळंच केलं. त्यांनी जमिनी एकत्र केल्या, स्वतःची कंपनी काढली आणि ज्याची जेवढी जमीन त्या प्रमाणात त्याला शेअर दिले. 2000 साली बांधकाम सुरू झालं. घरं विकली गेली, आयटी कंपन्यांना जागा भाड्याने गेल्या, आणि एकदाच हाती येऊन खर्चून जाणाऱ्या रकमेऐवजी वर्षानुवर्षं येणारं उत्पन्न सुरू झालं. घरातली तरुण मुलं मालाच्या पुरवठ्यात, कंत्राटांत शिरली. बहुतेक कुटुंबं एकाच भावकीची होती, हेही लक्षात ठेवायला हवं. सातबारा दुसऱ्याच्या हाती सोपवण्याइतका विश्वास परक्या गावात इतक्या सहज जमला नसता.

नगररचनेच्या व्यवसायात पर्यावरणाची भाषा आता सगळेच बोलतात. मला मगरपट्टा महत्त्वाचा वाटतो तो निर्णय घेणारा आणि त्याचे परिणाम भोगणारा तिथे बऱ्याच अंशी एकच होता म्हणून. छतावर सौर बंब बसले, पावसाचं पाणी मुरवलं गेलं, ओला कचरा आवारातच जिरवून त्याचा गॅस आणि खत करण्याची सोय झाली. ज्याला पुढची तीस वर्षं त्याच जागेतून उत्पन्न मिळवायचंय, त्याला हा खर्च वायफळ वाटत नाही. त्याच काळात बाकीच्या पुण्याचा कचरा हडपसरच्या पलीकडे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोत जात होता. तिथल्या विहिरी नासल्या, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. ज्यांच्या अंगणात तो ढीग वाढत होता, त्यांना शहराच्या आराखड्यात कुठलाही वाटा नव्हता.

नवी मुंबईचं उदाहरण याच्या उलट आहे, आणि अधिक वेदनेचं. 1965 साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. वाढत्या जमीनमूल्यातूनच शहराचा खर्च भागवायचा, ही तिची आर्थिक बाजू खरोखर प्रतिभावान होती. 1970 साली हे शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पण ते वाढतं मूल्य पंच्याण्णव गावांच्या आगरी-कोळी शेतकऱ्यांपर्यंत पोचलं नाही. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जण गेले. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा परत देण्याची योजना त्या रक्तानंतर आली. मगरपट्ट्यात पहिल्या कागदावर लिहिलेली गोष्ट इथे माणसं गमावून मिळवावी लागली.

त्याच शहराच्या आखणीत धारण तलाव आहेत. भरतीच्या वेळी झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटी लागली की खाडीत जातं. समुद्रसपाटीलगतच्या शहरासाठी यापेक्षा शहाणी रचना सुचणं कठीण. मात्र कालांतराने हे तलाव गाळाने भरले, त्यांत कांदळवन उगवलं, आणि कांदळवनाला कायद्याचं संरक्षण असल्याने गाळ काढणंच अडलं. तलाव आखणारे केव्हाच पुढच्या कामाला लागले होते; जोरदार पावसात पाणी साचतं ते रहिवाशांच्या दारात. आपल्याकडे नियोजन सल्लागाराची फी नकाशा मंजूर होताच संपते, बिल्डरची जबाबदारी सोसायटीला ताबा दिल्यावर काही वर्षांत आटोपते. पुण्यात 25 सप्टेंबर 2019च्या रात्री आंबिल ओढा घराघरांत घुसला, माणसं वाहून गेली. ओढ्याचा काठ इंचाइंचाने आवळत गेला होता. त्या प्रत्येक इंचावर कोणीतरी सही केली असणार, आणि त्या सह्यांचा हिशेब त्या रात्री कोणाकडेच मागता आला नाही.

मगरपट्ट्याच्या कौतुकातही एक माणूस सुटतो. भागधारक झाले ते सातबाऱ्यावर नाव असलेले. त्या रानात खुरपणी करणाऱ्या मजूर बाईचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नसतं. शेत गेलं की तिची मजुरी जाते, आणि शेअरच्या हिशेबात ती बसत नाही. आज सिडको नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ क्षेत्रात नगररचना योजना राबवते आहे. त्यात मालक जमिनीचा काही भाग सोडून विकसित भूखंड परत घेतो. सरसकट संपादनापेक्षा ही पद्धत मला निश्चित बरी वाटते, तरी मोजणी सुरू होते ती मालकापासूनच. अशा प्रत्येक योजनेत भूमिहीनांसाठी घरांचा आणि उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा मंजुरीच्या अटींतच लिहिला जावा. आखणी करणाऱ्या कंपनीच्या मानधनाचा काही भाग निदान दहा पावसाळे राखून ठेवावा, आणि ओढे वाहते आहेत, कचरा आवारातच जिरतो आहे, हे तिथल्या ग्रामसभेने किंवा प्रभागातल्या लोकांनी तपासल्यावरच तो सोडावा.