सुरगाठ आणि निरगाठ

दोन झाडांमध्ये झोळी टांगून रात्र काढायची, तर झोळीआधी तिच्यावरच्या ताडपत्रीचा विचार करावा लागतो. घराला लाकडाचे आढे असते. इथे ते दोरीचे. ही दोरी कशी ओढावी, कोणत्या गाठीने अडकवावी, यावर हौशी भटक्यांमध्ये तासन्‌तास वाद चालतात. ऐकणाऱ्याला ते सामानसुमानाचे वाद वाटतात. थोडे खोलात गेले की लक्षात येते, प्रश्न जुनाच आहे: ताण कोणी सोसायचा, आणि सोडवायची गाठ कोणाच्या हातात असायची?

झाशीहून ओरछ्याच्या बाजूला बेतवेच्या काठी असा मुक्काम टाकता येतो. झाशीच्या बाजारात त्यासाठी ताडपत्री मागून भागत नाही, ‘तिरपाल’ म्हणावे लागते. शब्द बदलला तरी बांधण्याचे प्रकार दोनच. पहिल्यात एकच लांब दोरी या झाडापासून त्या झाडापर्यंत सलग जाते आणि ताडपत्री तिच्यावर पांघरली जाते. दुसऱ्यात ताडपत्रीच्या दोन टोकांना दोन तोकड्या दोऱ्या बांधून त्या आपापल्या झाडाला नेतात. मध्ये दोरी नसतेच. दुसरा प्रकार हलका आणि स्वस्त, दोरीही कमी लागते. पण त्यात झाडाझाडांतला सगळा ताण कापडातून, त्याच्या मधल्या शिवणीतून जातो. सलग दोरीत तो ताण दोरी घेते, कापडाने फक्त पाऊस अडवायचा असतो.

घरे आणि संस्था पाहिल्या तर हे दोन्ही प्रकार तिथेही दिसतात. काही घरांत वाटणी, खर्च, आजारपण यांचे नियम ठरलेले असतात; रुसवेफुगवे होतात, पण ओढ त्या नियमांवर पडते. काही घरांत असे काहीच ठरलेले नसते. तिथे एखादी आई किंवा थोरली सून दोन्ही बाजूंनी ओढली जाते, आणि घर ताठ उभे दिसते म्हणून सगळे समाधानी असतात. शिवण उसवते तेव्हा दोष कापडाला मिळतो. म्हणून दोरीचे चार हात जास्त ओझे वाहावे लागले, तरी सलग दोरी मला अधिक न्यायाची वाटते.

सलग दोरीवर ताडपत्री अडकवायला भटके एक लहान फासा वापरतात. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने 1931 साली ही गाठ पुढे आणली आणि तिला त्याचेच नाव पडले. भार नसताना ती दोरीवर सहज सरकते; भार आला की दोरीला घट्ट धरते. हवे तेव्हा जागा बदलू देणारी आणि गरज पडली की न सरकणारी माणसे ज्याच्या वाट्याला आली, त्याला या गाठीचे कौतुक समजावून सांगावे लागत नाही.

ताणाविषयी एक भ्रम मात्र सोडावा लागतो. नवशिक्याला दोरी अगदी सरळ, तारेसारखी हवी असते. गणित ते होऊ देत नाही. मधोमध 70 किलो वजन टांगले आणि दोरी क्षितिजाशी 30 अंशांचा कोन करत असेल, तर दोन्ही बाजूंना 70-70 किलोची ओढ बसते. तोच कोन 5 अंशांवर आणला की ओढ प्रत्येक बाजूला सुमारे 400 किलोंवर जाते. आणि वजन असताना दोरी काटेकोर आडवी व्हायची, तर लागणाऱ्या ओढीला अंतच नाही. माणूस झोळीत झोपतो, ताडपत्रीचे वजन त्या मानाने काहीच नाही, त्यामुळे आढ्याची दोरी बरीच ताठ ठेवता येते. पण वारा भरला की तिथेही हाच हिशेब लागू होतो. भार वाहणाऱ्या कोणाकडूनही पूर्ण सरळपणाची अपेक्षा करणे म्हणजे तो तुटेपर्यंत ओढणे. थोडा झोल हा हलगर्जीपणा नसतो. त्यात भाराची कबुली असते.

या सगळ्यात ज्याला कोणी विचारत नाही ते म्हणजे झाड. अन्न वाहून नेणारा आणि खोड वाढवणारा थर सालीच्या लगेच खाली असतो. बारीक दोरी तिथे रुतली तर आपली एक रात्र झाडाला बराच काळ निस्तरावी लागते. म्हणून खोडाभोवती दोन बोटे रुंद पट्टा घालावा आणि दोरी त्या पट्ट्याला बांधावी. आधार देणाऱ्याची संमती मिळणार नसेल, तर त्याची इजा कमी करण्याची जबाबदारी वाढते.

आता गाठ. मराठीत दोन चांगले शब्द आहेत: निरगाठ आणि सुरगाठ. निरगाठ सहजी सुटत नाही. सुरगाठ टोक ओढले की सुटते. पहाटे थंडीत बोटे आखडलेली असताना सुरगाठ वरदान वाटते. तिची सोय मात्र टोक धरणाऱ्याची असते, खाली झोपलेल्याची नव्हे. दोघे एकच असतील तर प्रश्न नाही. वेगळे असतील तर तिथे नीतीचा प्रश्न सुरू होतो.

झाशीला हे वेगळे सांगायला नको. 1817 च्या तहात ईस्ट इंडिया कंपनीने झाशीची गादी वंशपरंपरेने मान्य केली होती. झाशीवाल्यांना ती निरगाठ वाटली. नोव्हेंबर 1853 मध्ये गंगाधरराव वारले. मृत्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी दामोदररावांना दत्तक घेतले होते. डलहौसीने तो दत्तक राज्यापुरता नामंजूर केला आणि 1854 साली संस्थान खालसा झाले. दोरी तीच होती, कागदही तोच. टोक दुसऱ्याच्या हातात असल्याने गाठ सुरगाठ ठरली. राणीला सालाना 60,000 रुपयांचे वेतन देऊ केले गेले. म्हणजे छप्पर काढून घेऊन छत्री दिली.

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्या काळात झाशीत होते. 1858 चा वेढा आणि लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि पुढे ‘माझा प्रवास’मध्ये लिहून ठेवली. झाशी पडल्यावर काल्पीच्या वाटेवर त्यांना राणी भेटली. ती तहानलेली होती. भटजी विहिरीतून पाणी काढायला पुढे झाले, तेव्हा तिने त्यांना थांबवले आणि दोरी स्वतःच्या हाती घेतली. भटजींच्या विद्वत्तेचा मान म्हणून तिने तसे केले. पण ज्या बाईच्या सगळ्या गाठी दुसऱ्यांनी सोडल्या, तिच्या हातातल्या त्या विहिरीच्या दोरीकडे मला नुसता शिष्टाचार म्हणून पाहवत नाही.

आणखी एक गोष्ट टाळून हा विषय संपवता येत नाही. शेताच्या बांधावर बाभळीला लुगड्याची झोळी बांधून आई खुरपायला जाते, ती झोळीच. ऊसतोडीच्या हंगामात कोप्यांवर पडते ती ताडपत्रीच. बुंदेलखंडातून मजुरीला निघालेली कुटुंबे दूरच्या शहरांत इमारतींच्या पायथ्याशी तिरपालाखाली राहतात. त्यांना सलग दोरी की तुटक, असा पर्याय कोणी देत नाही. मिळेल त्या सुतळीने बांधायचे आणि कोणी ऊठ म्हटले की सोडायचे. आपण निवड करू शकतो, कारण दोन दिवसांनी परत जायला आपल्याला पक्के आढे आहे. याची खंत करत झोळीत पडून राहण्याने कोणाचे भले होत नाही. पण दोरी निवडताना जे कळले, ते गावी परतल्यावर विसरता येत नाही: ज्याच्या डोक्यावरचे छप्पर दुसऱ्याच्या सुरगाठीवर आहे, तो उघड्यावरच आहे, पाऊस नसला तरी.

म्हणून माझी निवड अशी. दोरी सलग असावी. ओली झाली की सैलावणारी नायलॉनची नको, पॉलिस्टरची बरी. खोडाला रुंद पट्टा. एका टोकाला निरगाठ, दुसऱ्या टोकाला सुरगाठ. पण तिच्या कडीतून सुटे टोक ओवून ती पक्की केलेली, म्हणजे चुकून किंवा कोणाच्या लहरीने सुटणार नाही. आणि खाली दुसरे कोणी झोपणार असेल तर ती कशी सुटते, हे त्याला झोपण्याआधी दाखवून ठेवावे.