भोकरदनचा कागद आणि अपिलाचा न्यायाधीश

न्यायाधीश म्हटले की मराठी मनापुढे रामशास्त्री प्रभुणे उभे राहतात. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा आणि त्यानंतर न्यायासन सोडून जाणारा हा माणूस आपल्या न्यायकल्पनेत इतका खोल रुजला आहे की पुढच्या प्रत्येक न्यायमूर्तीला आपण त्याच मापाने मोजतो. सत्तेला कोण बोलले, सरकारला कुणी फटकारले, कुठला निकाल वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आला, एवढ्यावर मोठेपण ठरते. हे माप खोटे नाही. पण अपिलाच्या न्यायाधीशाला ते पुरत नाही. त्याच्या बहुतेक दिवसांत समोर रघुनाथराव नसतो. समोर असते कागदांची थप्पी: कुणाची तरी साक्ष, कुणाचे तरी खरेदीखत, खालच्या न्यायालयाचा निकाल आणि त्यावरचे आक्षेप. साक्षीदार त्याने पाहिलेला नसतो, शेत पाहिलेले नसते, फिर्यादीचा आवाजही ऐकलेला नसतो. त्याच्या हाती उरते ते वाचन. म्हणून अपिलाच्या न्यायाधीशाची थोरवी शोधायची असेल तर ती त्याच्या वाचनाच्या कसात शोधली पाहिजे, असे मला वाटते. मराठवाड्यापुरते बोलायचे तर २५ जानेवारी २०२५ रोजी निवर्तलेले न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर यांचे आयुष्य या म्हणण्याचा सर्वांत सबळ पुरावा आहे.

हे वाचन म्हणजे नेमके काय, हे मुंबईत बसून समजत नाही. त्यासाठी भोकरदनसारख्या तालुक्याच्या न्यायालयापासून निघावे लागते. समजा, केळणा नदीच्या खोऱ्यातल्या एखाद्या शेतकऱ्याने मुलीच्या लग्नासाठी पैसे उचलले आणि त्यापोटी दोन एकर जमिनीचे खरेदीखत करून दिले. ठरले असे की पैसे फेडले की जमीन परत. लोक याला मुदत खरेदी म्हणतात. पैसे फेडायला गेल्यावर सावकार म्हणतो, कागद वाच, ही विक्री आहे. दावा भोकरदनच्या दिवाणी न्यायालयात पडतो, पहिले अपील जालन्याच्या जिल्हा न्यायालयात जाते आणि दुसरे उच्च न्यायालयात. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५८व्या कलमात १९२९ साली अशी दुरुस्ती झाली की परत करण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार सशर्त विक्रीचे गहाण मानायचा नाही. अट दुसऱ्या कागदावर असेल, किंवा नुसती तोंडी असेल, तर शेतकऱ्याची वाट बिकट होते. पण अट त्याच दस्तात असली तरी प्रश्न संपत नाही. किंमत बाजारभावाच्या मानाने किती होती, ताबा कुणाकडे राहिला, फेरफार केव्हा झाला, शेतसारा कोण भरत होता, या सगळ्यांतून त्या कागदाचा हेतू वाचायचा असतो. त्यात साक्ष मराठवाडी बोलीत दिलेली. ‘ठोक्यानं दिली’ (ठरावीक रकमेवर) आणि ‘बटईनं दिली’ (पिकाच्या वाट्यावर) यांतला फरक, ‘मावेजा’ (मोबदला) या शब्दामागची भूसंपादनाची सारी कहाणी, ‘धुरा’ म्हणजे निव्वळ बांध नसून पिढ्यान्‌पिढ्यांचे भांडण, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती इंग्रजी भाषांतराचा सांगाडा तेवढा येतो. तालुका आणि जिल्हा न्यायालयांचे काम मराठीत चालते आणि उच्च न्यायालयाचे इंग्रजीत. या दोहोंमधल्या पायरीवर माणसाचे बोलणे किती सांडते याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

चपळगावकरांचा जन्म १९३८चा, बीडचा. मराठी हा त्यांच्या अभ्यासाचा विषय, काही काळ त्यांनी मराठीचे अध्यापनही केले. मग बीडला वकिली, आणि १९९० साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तिपद. २०२३च्या फेब्रुवारीत वर्ध्याला भरलेल्या ९६व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा न्यायमूर्ती आणि साहित्यिक असा दुहेरी परिचय अनेकांनी कौतुकाने दिला. मला त्यात एक उणीव दिसते. जणू न्यायदान हा व्यवसाय आणि लेखन हा फावल्या वेळचा छंद, असा तो परिचय होता. त्यांच्या पुस्तकांचे विषय पाहिले तर दोन्ही कामे एकाच वृत्तीतून आलेली दिसतात. त्यांनी स्वामी रामानंद तीर्थांचे चरित्र लिहिले, नामदार गोखल्यांवर लिहिले, निजामाच्या राज्यातल्या माणसांची चित्रे ‘संस्थानी माणसं’मध्ये काढली, हैदराबादचे न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्यावर पुस्तक लिहिले. यातला कुणीही एका झटक्यात जग बदलणारा नाही. संस्था उभ्या करणारी, मतभेद झाले तरी माणसाला शत्रू न मानणारी, पुरावा मिळेपर्यंत निष्कर्ष थोपवून धरणारी ही माणसे आहेत. चरित्रकाराला जे लागते तेच अपिलाच्या न्यायाधीशाला लागते: ज्या माणसाला आपण पाहिले नाही त्याच्याविषयी, अपुऱ्या आणि परस्परविरोधी कागदांवरून, आपल्या आवडीनिवडी बाजूला ठेवून बोलणे.

कोरटकरांचा विषय त्यांनी निवडला हे मला विशेष अर्थपूर्ण वाटते. भोकरदन तेव्हा निजामाच्या राज्यात होते. न्यायालयांची भाषा उर्दू, वरचे न्यायालय हैदराबादेत, आणि त्या न्यायालयात मराठवाड्याच्या मातीतून आलेला एक मराठी माणूस न्यायमूर्ती होतो, आणि तोच माणूस १९०७ साली हैदराबादेत विवेकवर्धिनी शाळा उभी करण्यात पुढाकार घेतो. ज्या प्रजेची भाषा न्यायासनाला कळत नाही, तिला आधी शाळा हवी, हे त्या माणसाने ओळखले होते. मराठवाड्याच्या पुढच्या पिढीतल्या एका न्यायमूर्तीने त्याचे चरित्र लिहावे, यात परंपरेची ओळख पटल्याची खूण आहे.

ही परंपरा मराठवाड्याबाहेरही आहे, आणि चपळगावकरांनी तिच्यावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला: ‘तीन न्यायमूर्ती आणि त्यांचा काळ’. काशिनाथ त्र्यंबक तेलंग, महादेव गोविंद रानडे, नारायण गणेश चंदावरकर. १८९३ साली तेलंग वारले आणि मुंबई उच्च न्यायालयातल्या त्यांच्या जागी रानडे आले; १९०१ साली रानडे गेले आणि त्यांच्यानंतर चंदावरकर. तेलंगांनी भगवद्‌गीतेचे इंग्रजी भाषांतर केले, रानड्यांनी मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर ग्रंथ लिहिला. यांपैकी रानड्यांचा उच्च न्यायालयापूर्वीचा काळ माझ्या मुद्द्याला अधिक जवळचा आहे. सावकारांविरुद्धच्या १८७५च्या दख्खन दंगलींनंतर, १८७९ साली, पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. या कायद्याने न्यायाधीशाला सांगितले की कर्जरोख्यावरचा आकडा अंतिम समजू नकोस, देवाणघेवाणीचा सारा इतिहास तपास. रानडे या कायद्याखाली विशेष न्यायाधीश होते. खालच्या न्यायाधीशांचे निकाल तपासणे हे त्यांचे काम. म्हणजे शेतकऱ्याच्या कागदामागचे सत्य वाचण्याचे काम कायद्यानेच त्यांच्यावर सोपवले होते. या कायद्यावर टीकाही झाली, आणि ती निराधार नव्हती. गहाणखत तपासले जाते म्हटल्यावर सावकार थेट खरेदीखतच करून घेऊ लागले. तेव्हा पुढे दुरुस्ती करून खरेदीखतामागचा खरा व्यवहार तोंडी पुराव्यानेही दाखवण्याची मुभा द्यावी लागली. कागद आणि त्यामागचा माणूस यांची ही शर्यत आजही मुदत खरेदीच्या दाव्यांत चालू आहे. नगरच्या शेतकऱ्याला निदान तो कायदा होता. शेजारच्या निजामी मुलखातल्या भोकरदनच्या शेतकऱ्याला तोही नव्हता.

वाचन चांगले व्हायचे तर वाचणारा जवळ असावा लागतो, आणि मराठवाड्याला हे फार उशिरा मिळाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, हैदराबादचे उच्च न्यायालय सुटले, आणि अपिलासाठी मुंबई गाठणे आले. नागपूरला त्याच राज्यपुनर्रचनेत खंडपीठ मिळाले. मराठवाड्याला पंचवीस वर्षे वाट पाहावी लागली. मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांच्या आदेशाने २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादला न्यायमूर्ती बसू लागले. योगायोग असा की त्याच वर्षी १ मे रोजी जालना जिल्हा वेगळा होऊन भोकरदन त्यात गेले. आदेशाला आव्हान मिळाले, मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला, १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला, आणि २७ ऑगस्ट १९८४ पासून खंडपीठ कायम झाले. विरोधकांचे म्हणणे हलके नव्हते. उच्च न्यायालय तुकड्यातुकड्यांत विखुरले तर एकाच कायद्याचे अर्थ ठिकठिकाणी वेगळे होतील, आणि न्यायमूर्ती स्थानिक हितसंबंधांच्या फार जवळ जातील, ही भीती आजही बोलून दाखवली जाते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले तेव्हाही ती ऐकू आली. पहिल्या भीतीला उत्तर आहे: अर्थभेद झाला तर मोठ्या पीठाकडे प्रश्न सोपवण्याची सोय आहेच, आणि एका इमारतीत बसणाऱ्या न्यायमूर्तींमध्येही मतभेद होतात. दुसरी भीती मात्र खरी आहे, आणि तिचे उत्तर अंतरात नाही. जवळीक दोन प्रकारची असते. एक माणसांशी, लाग्याबांध्यांची. ती न्यायाला मारक. दुसरी परिस्थितीशी, म्हणजे खासरा पत्रकात (जमिनीच्या जुन्या नोंदीत) नाव कसे लागते आणि कसे गळते, धामना किंवा जुईच्या धरणाखाली जमीन गेल्यावर मावेजा मिळेपर्यंत घरात काय होते, हे ठाऊक असण्याची. तिच्यावाचून न्याय होत नाही. पहिली टाळून दुसरी जपणे हे चारित्र्याचे काम आहे, आणि ते मुंबईत बसलेल्या न्यायमूर्तीलाही सुटत नाही.

याहून कठीण आक्षेप कायद्याच्या बाजूने येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १००व्या कलमानुसार दुसरे अपील कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नापुरतेच चालते; वस्तुस्थितीत शिरण्याचा उच्च न्यायालयाचा अधिकार फारच मर्यादित आहे. मग शेतकऱ्याचे जगणे वाचण्याची ही भाषा म्हणजे न्यायमूर्तीला मर्यादा ओलांडायला लावणारी भावुकता नव्हे काय? मर्यादा मला मान्य आहे, आणि ती हवीही. नाहीतर अपिलाला अंतच राहणार नाही. पण दस्ताचा अर्थ लावणे हा कायद्याचा प्रश्न असू शकतो, पुरावा अजिबात नसताना काढलेला निष्कर्ष हाही कायद्याचा प्रश्न असू शकतो. कायद्याचा प्रश्न कुठे आहे हे कुणी सांगायचे? ज्याने कागद नीट वाचला आहे त्यानेच. न वाचता ‘यात कायद्याचा प्रश्न नाही’ असे लिहिणे ही संयमाची खूण नव्हे. पहिल्या अपिलाबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली संतोष हजारी प्रकरणात स्पष्ट केले की खालचा निकाल फिरवायचा तर त्यातल्या कारणांना थेट भिडावे लागेल. भिडायचे तर ती कारणे आधी समजून घ्यावी लागतात. चपळगावकरांचा पिंड गोखल्यांच्या नेमस्त परंपरेतला. त्यांना मर्यादा शिकवण्याची गरज नव्हती. विधिमंडळे आणि न्यायसंस्था यांच्या संबंधांवर लिहितानाही त्यांनी संघर्षाबरोबर सहजीवनाचाही विचार केला. सहृदय वाचन आणि मर्यादेचे भान एका माणसात नांदू शकतात, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

शेवटचा आक्षेप वेळेचा. अपिले साचलेली आहेत, पिढ्या निघून जातात, वारस लागतात आणि वारसांचेही वारस लागतात. अशा वेळी सावकाश वाचणारा न्यायमूर्ती ही चैन आहे, असे म्हणणारे वकील आणि पक्षकार दोन्ही भेटतात. त्यांची अधीरता मी अन्यायाची मानत नाही. पण घाईने फेटाळलेले अपील थांबत नाही. ते वर सर्वोच्च न्यायालयात जाते, किंवा तिथून फेरविचारासाठी परत येते, आणि भोकरदनच्या पक्षकाराला आणखी दहा वर्षे लागतात. उशिरावरचा उपाय न्यायमूर्तींच्या रिकाम्या जागा भरण्यात आहे, आणि तालुक्याच्या न्यायालयात साक्ष नीट, पूर्ण, बोलणाऱ्याच्या शब्दांत उतरवून घेण्यात आहे. मूळ कागदच अर्धवट असेल तर वरचा कितीही चांगला वाचक काय वाचणार? नोंद नीट झाली तर ती किती टिकते हे भोकरदनच दाखवते. त्याचे जुने नाव भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या शिलालेखांत तिथल्या दात्यांचे उल्लेख आहेत; गावापासून दूर, दगडावर, पण गावाच्या नावानिशी. आज याच गावच्या शेतकऱ्याची साक्ष इंग्रजी अनुवादातून खंडपीठापुढे जाते, तेव्हा ‘ठोक्यानं दिली’ हे त्याचे शब्द मूळ मराठी प्रतीत अजून तसेच असतात. ती प्रत मागवून घेणे न्यायमूर्तीच्या हाती असते.